बाहुलीची नथ

मुलांनो, माझ्याबरोबर एक वाटी डोळ्यांपुढे आणा. तांब्याची, पातळ पत्र्याची आणि तळाला मधोमध बारीकसं भोक असलेली. तुम्ही म्हणाल, भोक असलेली वाटी काय कामाची? सांगते. ती पाण्यावर सोडली की तरंगते. पण भोकातून पाणी आत चढत राहतं, वाटी जड होत जाते आणि शेवटी ‘डुब’ असा आवाज करून बुडते. तेवढ्या वेळाला घटका म्हणत. राणीसरकारचं राज्य नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हा आमच्या गावात घड्याळ कुणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. लग्नाचा मुहूर्त याच वाटीवर मोजत आणि शेताचं पाणीही.

आता त्या वाटीशेजारी एक उंबर लावा. उंबराखाली पाण्यानं भरलेली दगडी डोण आणि डोणीपाशी एक म्हातारा बसवा. हा पुंजाबा पाटकरी. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून तो वाटीकडे बघत नसे, तिचा आवाज ऐकत असे. डुब झालं की वाटी काढायची, पाणी निथळायचं, पुन्हा सोडायची आणि एक खडा फरशीवर ठेवायचा. नदीवरच्या बंधाऱ्यातून आलेला पाट तिथं दोन फाट्यांत वाटला जाई. डावा फाटा थोरल्या पातीचा, उजवा धाकट्या पातीचा. ज्याची पाळी नसेल त्याच्या फाट्याच्या तोंडाशी लाकडी फळी घातलेली असे.

आणि त्या पाटाच्या कडेनं डोक्यावर भाकरीचं फडकं घेऊन एक परकरी पोर येताना दिसते का? ती मी. माझं नाव बयजा.

पाती म्हणजे घराण्याची फांदी. माझे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ वेगळे झाले तेव्हा शेत वाटलं, गुरं वाटली, देवसुद्धा वाटले. पाणी तेवढं वाटता येईना. मग पंचांनी ठरवलं, सूर्य उगवल्यापासून पंधरा वाट्या पाणी थोरल्या पातीचं, त्यानंतर सूर्य मावळेपर्यंत धाकटीचं. तेव्हा ते सगळ्यांनाच बरोबर वाटलं असेल. पण माझ्या आठवणीत दोन्ही घरं एकमेकांच्या दारी पाणीही पीत नव्हती. नदीवर आमच्या बायकांचा धुण्याचा दगड वेगळा, त्यांचा वेगळा.

माझे वडील थोरल्या पातीचे कर्ते. त्यांना मी आबा म्हणे. धाकट्या पातीचे कर्ते भिवसन, म्हणजे आबांचे चुलतभाऊ, माझे भिवाकाका. दोघं एकमेकांशी बोलत ते फक्त पाटावर आणि तेही पुंजाबाला मध्ये घालून.

“पुंजाबा, थोरल्यांना म्हणावं, तुमची दुपार दरसाल लांबत चाललीय,” भिवाकाका आपल्या फाट्यावर फावडं टेकवून म्हणत. “असंच चाललं तर आमच्या वाट्याला चांदणं येईल.”

“पुंजाबा, धाकट्यांना म्हणावं, खडे मोजून घ्या. मोजता येत नसतील तर आमची बयजा शिकवील,” आबा म्हणत.

पुंजाबा दोघांनाही हं म्हणे. मला मात्र हसू येई, कारण मोजायला मी खरंच त्याच्याच खड्यांवर शिकले होते.

त्या वर्षी वैशाखात भिवाकाकांच्या चिमीचं लग्न निघालं. चिमी माझ्याच वयाची. घरांचं जमत नसलं तरी आमचं जमे. नदीच्या वळणावर दोघी आपापल्या कापडी बाहुल्या घेऊन बसायचो. बाहुल्यांना कुणाची पाती नव्हती.

लग्नाच्या आदल्या दिवशी मुहूर्तासाठी पाटावरची वाटी धाकट्या पातीच्या घरी गेली. गावात वाटी ती एकच. चिमीची आई, तुळसाकाकू, ती घेऊन नदीवर आली. मी लांब उभी राहिले तर काकू म्हणाली, “चिमे, सरक जरा. तिला बसू दे.” आणि मग मला म्हणाली, “आईला सांगू नको हं, आमच्या दगडावर बसलीस म्हणून. तुला आंघोळ घालील.”

मी बसले. काकूनं चिंच आणि राख घेऊन वाटी घासायला सुरुवात केली. किती वर्षांत तिला कुणी घासलं नव्हतं कोण जाणे. कोळशासारखी काळी होती.

“उद्या वऱ्हाड बघणार. असली काळी वाटी समोर ठेवू होय?” काकू म्हणाली. “म्हणतील, पोरगीही अशीच न्हाऊमाखू न घातलेली असेल.”

चिमी लाजली. तिच्या अंगाला हळद लागलेली होती. ती नुसती पिवळीधमक दिसत होती.

वाटी लखलखली. पण आतून भोकाभोवती एक पांढरा, कडक थर बसला होता. तो चिंचेनं हलेना. काकूनं बाभळीचा काटा घेतला आणि थराच्या कडेकडेनं फिरवला. “दाताला किटण बसतं तसं बसलंय बघ,” ती म्हणाली. टक् करून तो थर निघाला आणि तिच्या ओल्या तळहातावर पडला. तुरीच्या डाळीएवढं इवलंसं कडं होतं ते, एका बाजूला टवका उडालेलं.

“नथ,” चिमी म्हणाली.

तिनं ते उचललं, माझ्या बाहुलीच्या नाकाशी धरून पाहिलं आणि दोऱ्यानं तिथं बांधून टाकलं. “तुझ्या बाहुलीला राहू दे,” ती म्हणाली. “मला काही बाहुली सासरी नेऊ देणार नाहीत.”

काकू आमच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती हसली आणि वाटी पदरानं पुसू लागली.

लग्न झालं. आम्ही गेलो नाही, पण वाजंत्री ऐकू येत होती. चार दिवस सासरी राहून चिमी रीतीप्रमाणे माहेरी परतली आणि वाटीही हळदीकुंकू लावून पाटावर परतली. तोवर पाळ्या उंबराच्या सावलीवरच चालल्या होत्या.

आबांचा ऊस तेव्हा हातभर वाढला होता. ऊन असं की सकाळी भिजवलेली सरी संध्याकाळी भेगाळायची. वाटी परतल्यावर पहिल्याच दिवशी आबा शेतातून पाटावर आले ते फावडं खांद्यावर घेऊनच.

“पुंजाबा, पाणी तोडलंस का रे? शेवटच्या तीन सऱ्या कोरड्या आहेत.”

“पंधरा झाले, आबा. खडे हे इथं आहेत.”

आबांनी खडे मोजले. पंधरा होते. त्यांनी उंबराच्या सावलीकडे पाहिलं. पंधरावा खडा पडे तेव्हा सावली डोणीच्या पलीकडे गेलेली असे. आज ती अजून डोणीपर्यंत पोचलीही नव्हती. आबा परत गेले.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. आबांनी डोणीतली वाटी काढली, उन्हात धरली आणि तिच्या भोकातून वर पाहिलं. भोकाची कड नव्या पैशासारखी चमकत होती.

मी तेव्हा भाकरी घेऊन आले होते. समोरून भिवाकाका आपल्या पाळीसाठी येत होते. लेकीच्या लग्नातलं नवं मुंडासं त्यांच्या डोक्याला होतं.

“भिवा,” आबा म्हणाले. मी त्यांना काकांना नावानं हाक मारताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. “भोक कोरलंस.”

“काय?”

“वाटी तुझ्या घरी होती. भोक मोठं करून पाठवलीस. मुहूर्ताच्या वाटीला हात लावताना काही वाटलं नाही?”

भिवाकाका आधी हसले. त्यांना ती थट्टा वाटली असावी. “माझ्या घरी तिला चिंच लागली, दादा. दुसरं काही लागलं नाही.” दादा म्हणाले ते. मग पाटाकडे वळून म्हणाले, “खडे पुरे झालेत. फळी उचलू द्या.”

“उचलू नको.”

“इतकी वर्षं तुमची दुपार लांबत होती तेव्हा मी कुठं फावडं घेऊन आलो होतो?” काका म्हणाले आणि फळीशी वाकले.

आबांच्या हातात फावडं होतं. मी एवढंच सांगेन की घाव एकच होता. काका पाटात बसल्यासारखे खाली गेले. नवं मुंडासं सुटून पाण्यावर पसरलं. फळी तशीच राहिली आणि पाणी त्यांच्या अंगाला वळसा घालून आमच्याच शेताकडे जात राहिलं. पुंजाबा विचारत होता, “काय झालं? अरे, बोला, काय झालं?” वाटी आबांच्या डाव्या हातातच होती. त्यांनी ती हळूच डोणीच्या काठावर ठेवली, जणू ती फुटली असती.

आबांना शिपायांनी गावच्या चावडीत बसवून ठेवलं. तालुक्याहून मामलेदार चौकशीला यायचे होते. माझे मामा, खंडूमामा, धावत आले. ते कोर्टकचेरीत वावरलेले. ओसरीवर बसून त्यांनी आईला समजावलं.

“ताई, खून तर झाला. तो नाकारता येत नाही. पण पाणीचोराला रागाच्या भरात मारणं वेगळं आणि उगाच भावाला मारणं वेगळं. एकात सुटका असते, दुसऱ्यात फास. ती वाटी हीच आपली साक्ष. काही कोरल्याशिवाय कड अशी चमकते का?”



मी कोपऱ्यात बाहुलीला कुशीत घेऊन बसले होते. तिच्या नाकात नथ होती. त्या नथीतून पलीकडचं दार दिसतं का, असं मी सहज डोळा लावून पाहिलं. आतलं भोक बारीक होतं, वाटीच्या भोकापेक्षा चांगलंच लहान. मी पुन्हा पाहिलं. पुंजाबा एकदा म्हणाला होता, आपल्या नदीचं पाणी गोड आहे, पण ते मागं दगड ठेवून जातं, म्हणून त्याची डोण आतून पांढरी झालीय. मग काकूचा काटा आठवला, आणि टक् झालेला आवाज.

कुणी भोक मोठं केलं नव्हतं. ते वर्षानुवर्षं लहान होत आलं होतं आणि आमची दुपार लांबत आली होती. काकूनं ते फक्त मुळात होतं तसं केलं.

मामा गेल्यावर मी आईला नथ दाखवली. कुठून आली तेही सांगितलं. आईला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ती माझ्यापेक्षा लवकर समजली. तिनं माझी मूठ मिटवली आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली.

“बापाचा जीव आहे या मुठीत,” ती म्हणाली. “कुणाला दाखवलीस?”

“नाही.”

“चिमीला ठाऊक आहे?”

“तिनंच दिली.”

नथ फेकून दे असं आई म्हणाली नाही. ठेव असंही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी चावडीत आबांना भाकरी द्यायला गेले. त्यांच्या हातांत बेडी होती म्हणून मी घास करून दिले. खाताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

“आबा, भिवाकाकांनी भोक कोरलं नसतं तर?”

“तर कशाला हे झालं असतं?” ते म्हणाले. “लहानपणी त्याला खांद्यावर घेऊन नदी ओलांडलीय मी.” घास तसाच तोंडात राहिला. मग ते म्हणाले, “त्यानंच कोरलं. त्यानं कोरलंच असलं पाहिजे, बयो.”

मी पाण्याचा तांब्या त्यांच्या ओठांना लावला. नथ माझ्या परकराच्या गाठीत होती. गाठ सोडायला माझे हात उठले नाहीत.

परत येताना धाकट्या पातीच्या दारात गर्दी दिसली. चिमीच्या सासरचा माणूस आला होता. ओट्यावर न चढता तो खालूनच सांगत होता, पाणीचोराची लेक आमच्याकडे नांदणार नाही. चिमी उंबऱ्याशी उभी होती. हळद अजून तिच्या कानामागं राहिली होती. तिनं मला पाहिलं आणि ती आत गेली.

मामलेदार आले त्या सकाळी चावडी भरून गेली. आमच्याकडची माणसं एका भिंतीला, त्यांच्याकडची दुसऱ्या भिंतीला, मध्ये मोकळी जागा. तिथं चटईवर ती वाटी ठेवलेली. मी आईजवळ दाराशी उभी होते, आबा आमच्या मागं शिपायांच्या मध्ये बसलेले. आईनं माझा हात धरला होता.

तुळसाकाकूला पुढं बोलावलं. ती पदर कपाळावर ओढून उभी राहिली.

“वाटी तुमच्या घरी होती, बाई?” मामलेदारांनी विचारलं.

“होय, रावसाहेब. मी घासली.”

“आणि भोक?”

“काट्यानं साफ केलं. बाभळीच्या काट्यानं.”

आमच्या भिंतीकडून कुणीतरी हसलं. खंडूमामा हात जोडून म्हणाले, “रावसाहेब, काट्यानं तांबं कोरलं जात असेल तर लोहारांनी उद्यापासून काटेच विकावेत.”

“तांबं नाही कोरलं,” काकू म्हणाली. “पांढरा थर होता आत. खडा बसावा तसा. तो निघाला.”

“कुठंय तो?”

काकूनं मान वर केली. ती सगळीकडे बघत गेली आणि तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. नथ माझ्याकडे आहे हे तिला माहीत होतं. चिमीनं ती बांधली तेव्हा ती समोर बसली होती. तिनं नुसतं माझं नाव घेतलं असतं तरी पुरे होतं. तिच्या नवऱ्याला चोर म्हणत होते, तिच्या लेकीचं घर मोडत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या मागं, बेड्या घालून बसवलेल्या आबांकडे तिनं पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे.

“गेला पाण्यात,” ती म्हणाली.

मुलांनो, आबांचं पुढं काय झालं ते तुम्ही विचारालच, म्हणून आत्ताच सांगून टाकते. त्यांना फाशी झाली नाही. त्यांना काळ्या पाण्यावर धाडलं, आणि तिथून ते परत आले नाहीत. जाताना त्यांनी आईला एकच निरोप ठेवला, भिवाची पाळी चुकवू नका. चिमी सासरी नांदली, तिला नातवंडं झाली. आणि आमच्या गावात दर पाडव्याला दोन्ही पातींसमोर वाटी घासायची चाल पडली. पाटावर घड्याळ आलं तोवर ती चालली.

पण त्या सकाळी यातलं मला काही ठाऊक नव्हतं. मामा सांगत होते तो फास मात्र ठाऊक होता. आणि एवढं दिसत होतं की काकू खोटं बोलली, आणि ते माझ्यासाठी बोलली.

आईच्या हातातून माझा हात सुटला. तिनं सोडला की मी ओढून घेतला, ते मला आजही सांगता येत नाही. मी दोन भिंतींमधल्या त्या मोकळ्या जागेत गेले, चटईवर बसले आणि परकराची गाठ सोडली. नथ वाटीत ठेवली. ती आधी बसेना. मग तिच्या टवक्याची बाजू वाटीच्या पत्र्यातल्या एका बारीक उंचवट्याकडे फिरवली तेव्हा ती भोकाभोवती जाऊन अशी बसली की वाटी हलवली तरी हलली नाही. मामलेदार खाली वाकले. त्यांनी वाटी उचलून उजेडाकडे धरली, आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं. मागं बेडीचा आवाज झाला, पण मी वळून पाहिलं नाही.

“हे कुणी केलं, मुली?”

“पाण्यानं,” मी म्हणाले. “कुणी नाही. पाण्यानं केलं.”

“आणि हे तुझ्याकडे कसं आलं?”

मला उत्तर येत होतं. पण नथ माझी नव्हती. समोरच्या भिंतीशी बायकांच्या घोळक्यात चिमी तिच्या आजीच्या पदराआड उभी होती. तिच्या हातातला चुडा अजून नवा होता.

“चिमे,” मी हाक मारली, “ये इकडं. तू सांग.”

आणि तिला बसायला जागा व्हावी म्हणून मी चटईवर जराशी सरकले.